वरचा तुकडा

काल्याच्या आदल्या दिवशी अंजना न्याहारीची टोपली घेऊन खळ्यावर आली आणि बांधावरच थबकली. ते पुन्हा वाढलं होतं.

ते म्हणजे काय, हे गावाला कळत नव्हतं आणि घराला तर त्याहून नाही. दिवाळीपासून जगदेव, तिचा धाकटा दीर, खळ्याच्या कडेला निंबाच्या समोर काहीतरी उभं करत होता. आधी त्याने गाडीच्या चाकांच्या जुन्या धावा सरळ करून दोन खांब रोवले, तेव्हा लोक म्हणाले, फाटक असेल. मग त्यांच्याभोवती पत्र्याचा घेर चढला. लोक म्हणाले, कणगी. घेराच्या वर फुटक्या मोटेचं लोखंड बसलं, त्याच्या दोन्ही अंगांनी वखराच्या झिजलेल्या पासा फाकल्या, तेव्हा सोजरआत्याबाईंनी तोंडाला पदर लावून जाहीर केलं, "रावन हाय वं तो, रावन! पाहून घेजा, धा तोंडं लावते का नाई."

पण तोंड एकच आलं. तेही नाकाडोळ्यांवाचून, नुसतं तेलाच्या डब्याचं, उजवीकडे जरासं कललेलं. आता ते दोन पुरुष उंच झालं होतं, आणि अंजनाला रोज वाटे, आपण याला कुठेतरी पाहिलं आहे. कुठे, ते काही केल्या आठवत नसे. किन्हीराजाच्या बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव जिभेवर येऊ नये, तसं.

जगदेव शिडीवर चढून तार पिळत होता. वीज गावात होती ती पाटलाच्या मोटरीपुरती. जोडकामाचं यंत्र कुठून येणार? त्याचं सगळं काम तारेचं आणि रिबेटीचं. भोक पाड, खिळा घाल, ठोक. गेले सहा आठवडे त्या ठोकण्यावर गाव सकाळी उठत होतं.

"जगदेव, उतर खाली. भाकर थंडी होते."

चारचौघांत ती त्याला भाऊजी म्हणे. पण ती या घरात आली तेव्हा तो मांडीवर बसून घास मागणारा होता, त्यामुळे दोघंच असले की अरे-तुरे चाले.

तो उतरला, हात धुतले, आणि ठेच्यावर तेल ओतून घेत म्हणाला, "पाह्यलं काय वैनी? आज मान बसली."

"मान बसली, पन मानूस कोन तो? का जनावर हाय?"

"तुले काय वाटते?"

"मले वाटते तू मले येडी करून राह्यला."

तो हसला. "वरचा तुकडा यायचा हाय. तो आला का तूच सांगशील."

"कुठून यायचा?"

"पोहरादेवीकडून."

"मंग देवीचा मुकुट असन!"

"मुकुटच समज," म्हणून त्याने भाकरीत तोंड घातलं.

अंजनाने त्याच्या ढिगाकडे पाहिलं. दुष्काळी कामावरची दांडे मोडलेली फावडी, बोथट टिकाव, मजुरांना खायला वाटलेल्या सुकडीच्या तेलाचे परदेशी अक्षरांचे डबे. सारं मागून आणलेलं. जगदेवची एक रीत होती, तिची गावात टिंगल होई. कोणाच्या दारात गंजका पत्रा दिसला तरी तो उचलत नसे. घरधन्याला हाक मारून विचारी, "बावा, याचं काम सरलं का?" धनी म्हणाला सरलं, तरच हात लावी. एकदा जानरावच्या बुढीने चुलीपुढचं भोकाचं पातेलं दाखवलं आणि म्हणाली, अजून याच्यात वाती ठेवते मी. तर हा नमस्कार करून परत आला. हसतील नाहीतर काय?

"एवढं कायले करतं रे?" तिने विचारलं. "दादाले काय सांगू मी?"

"सांग का तलावावर जे पाह्यलं ते हातातून जात नाई."

तलावाचं नाव निघताच अंजनाने टोपली आवरायला घेतली.

*

घरी ओसरीवर बैठक बसलीच होती. तीन वर्षांच्या खंडानंतर गावात हरिनाम सप्ताह लागला होता. पहिलं दुष्काळात गेलं, दुसरंही; तिसऱ्या वर्षी पीक आलं तेव्हा पुंजाजी, तिचे सासरे, सुतकात ठेवून गेले. पुंजाजींनी चाळीस वर्षं सप्ताहाची वीणा सांभाळलेली. आता थोरले चिरंजीव पंजाबराव यजमान होते, आणि काल्याचं कीर्तन बापाच्या खळ्यावरच व्हावं हा त्यांचा हट्ट. देवळात वीणेचा पहारा अखंड चालला होता, ओसरीवरून तिची तार एकसारखी ऐकू येत होती. त्या तारेखालीच भांडण पेटलं.

"मी स्पष्ट बोलतो दादा," इंद्रभान म्हणाले. हे घरचे जावई, मंगरूळपीरला कचेरीत कारकून, सप्ताहासाठी रजा काढून आलेले. "पाच गावचे लोक येणार. बुवा येणार. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हे भंगार! माझ्या ओळखीची एक गाडी आहे. उद्या सकाळी बोलावतो, दुपारपर्यंत खळं साफ."

पंजाबराव काठी जमिनीवर टेकवत होते. दुष्काळाच्या वर्षी गाडी उलटून त्यांचा पाय मोडला, तेव्हापासून काठी हातात. "जावईबापू बोलते ते बराबर हाय. जगदेव, तू एक सांग. होय काय ते?"

जगदेव खांबाला टेकून उभा. "पुरं नाई झालं दादा. पुरं झाल्याशिवाय नाव कसं ठेवू?"

"पाह्य! लेकरू जन्माच्या आंधी पोटातच हिंडते अन् म्हनते नाव नोका ठेवू!" आत्याबाई वाती वळता वळता म्हणाल्या. पुंजाजींची ही विधवा बहीण. घरात तिचा शब्द कोणी मोडत नसे, आणि ती स्वतः तो रोज बदलत असे. "गाडी आना जावईबापू. रावन गेला का मी सुटली."

"पण आत्याबाई," इंद्रभानांनी डोकं खाजवलं, "एक विचार येतो. दहीहंडीला दोरी बांधायला दोन खांब लागतात. एक निंब आहे. दुसरा?"

"दुसरा वेळू आनू."

"वेळू कुठून आणता आता? आणि त्याला खड्डा कोण खणणार? ते उभं आहेच की. दोन पुरुष उंच, रोवलेलं. हंडीपुरतं राहू द्या. काला झाला की गाडीत."

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. घटकेपूर्वी ते पाडायला निघालेला माणूस आता त्याचा वकील झाला होता. अंजनाला हसू आलं, ते तिने चौकटीआड लपवलं. पंजाबरावांनाही सोय पटली. "ठीक. काला होईपर्यंत उभं. त्याच्या बाद एक खिळा राह्यला नाई पाह्यजे. समजलं जगदेव?"

जगदेवने मान हलवली. पण त्याच्या चेहऱ्याचं पाणी उतरलेलं अंजनाने पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "एवढी मेहनत केली त्यायनं. बुवाईले तरी दाखवून मंग ठरवा ना."

"तू नोको सांगू मेहनतीचं!" आत्याबाईंची वात अर्धीच राहिली. "मेहनत कशी असते ते आमी पाह्यली. तुहा नवरा पाय मोडून पडला होता, घरात रेशनच्या लाल मिलोचा दाना नाई, अन् तू दोन लेकरं माह्या गळ्यात टाकून माहेरी जाऊन बसली. दोन महिने! जगदेव तिकडे तलावावर हाडं मोडत होता म्हनून खाल्लं आमी. मी दिलेलं रुईफुली काठाचं लुगडं, तेबी माहेरी टाकून आली. अन् आता मेहनत सांगते."

अंजनाने पंजाबरावांकडे पाहिलं. ते काठीच्या टोकाकडे पाहत होते. नेहमीसारखेच.

ती माहेरी गेलीच नव्हती. मनोऱ्याकडच्या तलावाच्या कामावर, जगदेवबरोबर, ती दोन महिने माती वाहत होती. एकट्याच्या मजुरीत सात तोंडं भागत नव्हती, म्हणून सासऱ्यांनीच वाट काढली होती आणि पंजाबरावांनी देव्हाऱ्यावर तिचा हात ठेवून आण घेतली होती. पुंजाजीची सून रोजावर गेली हे कोणाला कळता कामा नये, आत्याबाईला तर नाहीच. तिच्या तोंडातून ते गावाच्या विहिरीवर जाईल. सासरे गेले, आण राहिली. अंजना दर आठवड्याला माहेरचं ते टोचणं ऐके, आणि कीर्तनाला गेली की देवापुढे मनातल्या मनात एवढंच म्हणे, तू तं पाह्यलं ना? बस.

ती आत गेली. लाह्या फोडायच्या होत्या.

*

काल्याचं कीर्तन म्हणजे कीर्तनाचं जेवण. सात दिवस बुवा ज्ञान सांगतात, वैराग्य सांगतात, म्हाताऱ्यांना रडवतात. पण काल्याला देव स्वतः लहान होतो. गाई वळतो, सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, कोणाचं आंबट, कोणाचं शिळं, सारं एका हातानं. त्या दिवशी खळं माणसांनी भरून सांडलं होतं. निंबापासून त्या लोखंडापर्यंत दोरी ताणलेली, मध्ये दह्याचं गाडगं, झेंडूच्या माळा. पोरं गाडग्याकडे पाहत होती, बाया त्या लोखंडाकडे.

"इंजन हाय पान्याचं," एक म्हणाली.

"इंजनाले मान असते काय वं?"

"मंग तूच सांग."

"मी सांगू? बाई हाय ते. घेर पाह्य ना लुगड्यावानी."

अंजनाने ते ऐकलं आणि मान वर केली. घेर. होय, ओचा खोचल्यासारखा. उजवीकडे कललेली मान. डावा हात कोपरात वाकून खांद्यापाशी आलेला आणि तिथे काहीच नव्हतं, रिकामी हवा धरून ठेवल्यासारखा तो पंजा. तेवढ्यात टाळांचा गजर उठला आणि बुवा उभे राहिले.

बुवा वयस्क, आवाज अजून घंटेसारखा. गौळण लावली. मृदंग बोलू लागला. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, डोक्यावर माठ, आणि वाटेत आडवा आलेला तो. बुवा हाताने माठ सांभाळून दाखवत होते, ठुमकत दोन पावलं चालूनही दाखवली, तेव्हा म्हातारी माणसं लेकरांसारखी हसली. आत्याबाई तर डोळे मिटून डोलत होत्या. टाळाच्या ठेक्यावर त्यांचा गुडघा हलत होता.

त्याच वेळी बांधावरून एक बाई येताना दिसली. आरशांची काचोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल. दुपारची एसटी उशिरा आली असावी. अंजना उठून उभीच राहिली. तलावावर जिच्या झोपडीत दोन महिने पाठ टेकली, ती पोहरादेवीकडच्या तांड्यातली रुपाबाई!

"तू? अठी?"

"मी काई बोलनार नाई," रुपाबाई दातांत हसू धरून कुजबुजली. "जगदेवनं सांगतलं, रुपाबाई, मुक्यानं येजो. बारा कोस मुकी आली बाप्पा, पोट फुगलं माह्यं." आणि तिने ते पोतं जगदेवच्या हातात दिलं.

जगदेवने पोतं न सोडता शिडी गाठली. इंद्रभान हातवारे करून त्याला अडवत होते, बुवांचं कीर्तन चालू आहे म्हणत होते. पण बुवांनीच गाणं धरून ठेवलं, टाळकऱ्यांना हळू वाजवा म्हणून खूण केली, आणि तेही माना वर करणाऱ्यांत सामील झाले. कीर्तनकाराला ऐकणारे वरच पाहत असतील तर तो दुसरं काय करणार? पोतं सुटून खाली पडलं. जगदेवने हातातला तुकडा त्या रिकाम्या पंजात, डाव्या खांद्यावर ठेवला, आणि ठक, ठक, दोन रिबेटी मारल्या.

घमेलं होतं ते. माती वाहायचं, पोचे पडलेलं, एका अंगाने फाटलेलं.

आणि खळ्याला ते एकदम दिसलं. पत्रा गेला, मोट गेली, फावडी गेली. ओचा खोचलेली एक बाई ओझं घेऊन चढण चढत होती. पुढचा पाय वर, सारा भार त्यावर, मान ओझ्यापासून बाजूला.

"गौळण!" बुवा टाळी वाजवून म्हणाले. "अहो, मी इथे गौळण म्हणतो आणि ती तुमच्या खळ्यावर येऊन उभी! कोणी केली ही?"

"गौळन, गौळन," लोक एकमेकांना सांगू लागले. पंजाबराव घमेल्याकडे पाहत होते, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण बुवांचा शब्द ऐकताच त्यांनी श्वास सोडला. "हो महाराज. गौळनच होय. माह्या भावानं केली." काठी सांभाळून त्यांनी हातसुद्धा जोडले.

अंजना खाली पाहत होती. तिला आता काही विचारायचं राहिलं नव्हतं. साऱ्या तलावावर चुंबळ ठेवून डोक्यावर माती वाहायच्या बाया. तिच्या मानेवर तेव्हा गळू झालं होतं म्हणून ती एकटी डाव्या खांद्यावर वाहायची, मान उजवीकडे टाकून. मुकादम तिला डावखुरी म्हणे. घमेलंही तिचंच, निघताना रुपाबाईच्या झोपडीत टाकून आलेलं. म्हणजे ही ती होती. दोन पुरुष उंच. आणि सारा गाव तिला गौळण म्हणत होता. म्हणू दे, तिने मनाशी म्हटलं. तेही वाईट नाही. देवाच्या वाटेवरचीच आहे ना ती.

"थांबा हो बुवा."

आत्याबाई उठल्या होत्या. काल्याच्या कीर्तनात कोणी बाई मधे बोलली, हे त्या गावाने पहिल्यांदा ऐकलं. त्या गुडघ्यांवर हात देत, माणसांतून वाट काढत शिडीपाशी गेल्या आणि मान ताणून वर पाहू लागल्या. घमेल्याच्या फाटक्या काठाला, खांद्याला कापू नये म्हणून, चिंधी गुंडाळलेली होती. मातीने करडी झालेली. पण गुंडाळीच्या आतल्या घडीत, जिथे ऊन लागलं नव्हतं, अंजिरी रंग होता. आणि रंगाच्या कडेला पांढरी रुईफुलं.

"जगदेव," त्या म्हणाल्या, "हे घमेलं कोनाचं?"

जगदेवने भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "मले काई बोलता येत नाई आत्याबाई. मी नुसते हात चालवले."

"तू बोल वं," त्या रुपाबाईकडे वळल्या. "तू आनलं."

"मीबी मुकी हाय," रुपाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसूही आलं.

आत्याबाई वळल्या. बायांच्या गर्दीत अंजना उभी होती, तिच्यासमोर जाऊन थांबल्या. दोरीवरचं गाडगं वाऱ्याने कुरकुरलं.

"माहेरी होती ना तू?"

अंजनाने तोंड उघडलं नाही. आण होती. देव्हाऱ्यावर हात ठेवलेली आण, आणि समोर देवाचा काला.

"विचारून राह्यली मी. माहेरी होती?"

"नव्हती."

आवाज पंजाबरावांचा होता. ते काठी न टेकता दोन पावलं पुढे आले होते आणि त्यांचा तोल जात होता. इंद्रभानांनी धावून दंड धरला. "नव्हती आत्याबाई. आन मी घातली तिले. तलावावर होती ते. तुमी खाल्ला तो मिलो, मी पडल्या पडल्या खाल्ला तो, तिच्या घमेल्याचा होता." मग बुवांकडे पाहून, पडलेल्या आवाजात, "गौळन नाई महाराज ते. आमच्या घरची सून होय."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हणालो?" आणि मृदंगाला हात केला.

गाडगं फुटलं. दही दोरीवरून, माळांवरून, त्या पत्र्याच्या घमेल्यातही उडालं. पोरं ओरडली, लाह्या उधळल्या, गजर आभाळाला भिडला. रीतीप्रमाणे बुवांनी काल्याची पहिली मूठ यजमानाच्या ओंजळीत घातली. पंजाबरावांनी ती तशीच आत्याबाईंपुढे धरली, आणि आत्याबाईंनी त्यांच्या ओंजळीतून उचलून ती अंजनाच्या पदरात घातली. एक शब्द न बोलता. बोलायची सवय असलेल्या माणसाला ते किती जड जातं, हे त्यांच्या हनुवटीवरून दिसत होतं.

बांधापलीकडे भोंगा वाजला. भंगाराची गाडी सांगितल्या वेळेला हजर होती. इंद्रभान चुळबुळले. "दादा, ते गाडीवाले आले... काय सांगू?"

पंजाबरावांनी जगदेवकडे पाहिलं. जगदेव शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, हातात पकड, आणि विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. तेव्हा थोरल्या भावानेच, गाव ज्यावर हसे तो प्रश्न विचारला. पण लोखंडाकडे पाहून नाही, बायकोकडे पाहून.

"काय वो, याचं काम सरलं का?"

अंजना पहिल्यांदा त्या नाकाडोळ्यांवाचूनच्या तोंडाकडे नीट पाहत होती. घमेल्याच्या काठावरून दह्याचा एक थेंब सुटून खांद्यावर ओघळला.

"नाई सरलं," ती म्हणाली.

"गाडी रिकामी पाठवा जावईबापू."

पंगतीची गडबड सुरू झाली, पत्रावळी आल्या. अंजना वाढायला वळणार, तोच आत्याबाईंनी तिचं मनगट पकडलं आणि तिला निंबाच्या बुंध्याआड ओढून नेलं.

"खांदा दाखव."

"आत्याबाई, लोक हायेत..."

"दाखव म्हनते ना."

तिने डावा पदर सरकवला. चोळीच्या कडेला, हाडावर, कातडी अजून जाड होती, रुपयाएवढी, गव्हाळ अंगावर काळपट. आत्याबाईंनी त्यावर बोट ठेवलं. मग सगळा तळहात. तो काल्याच्या दह्याने अजून ओला होता आणि थंड होता, पण अंजनाने खांदा हलवला नाही.